‘दूध बंद’ लिहिलेली चिठ्ठी

पायाला सूज आहे हे आधी सिस्टरांच्या लक्षात आलं. पावणेदोन वर्षांची मुलगी आजीच्या कडेवर होती. चेहरा भरलेला, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं, बाळसं धरलंय. सिस्टरनी पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच. केस विरळ, तांबूस. ती धड रडतही नव्हती, नुसती कुरकुरत होती. दोन्ही पावलांवर अशी सूज आली की ते तीव्र कुपोषण, मग काटा काहीही दाखवो. काट्यावर ८ किलो २०० ग्रॅम आले, पण त्यात सुजेचं पाणीही होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात येणारी मुलं बहुधा हातावर पोट असलेल्या घरांतली असतात. हे घर तसं नव्हतं. आजी म्हणाल्या, “मॅडम, दारात चार म्हशी हायत. रोज डेअरीला दूध जातंय. पण हिला दूधच सोसत न्हाई, काय करावं?”

आईने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली. जानेवारीत मुलीला गॅस्ट्रो झाला होता, सलाईन लागलं होतं. जुलाब थांबले, पण दूध पाजलं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. फसफसून शी व्हायची, तिला आंबट वास यायचा आणि ढुंगण लाल होऊन सोलवटायचं. डॉक्टरांनी बरोबर ओळखलं आणि लिहिलं, ‘दूध बंद’. निदानात काहीच चूक नव्हती. पण किती दिवस बंद, हे चिठ्ठीत नव्हतं, आणि त्याऐवजी काय द्यायचं तेही नव्हतं. जानेवारीतली चिठ्ठी घरात मेपर्यंत पाळली गेली.

मधल्या काळात काय काय दिलं, ते मी एकेक करून विचारत गेले. आधी शेजारचं शेळीचं दूध आणलं. पुन्हा जुलाब. ते होणारच होते, कारण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, शेळीच्या दुधातही जवळपास गायीच्या दुधाइतकीच असते. ‘शेळीचं हलकं’ ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. मग कुणीतरी बदामाचं दूध सुचवलं. आजींनी ते कसं करतात ते अगदी मन लावून सांगितलं. पाच बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलून वाटायचे, कपभर पाणी घालून पंचाच्या फडक्यातून गाळायचे, वर खडीसाखर. चोथा भाजीला लावायचा. दिवसातून तीन वेळा तेच. बरोबर तांदळाची पेज आणि बिस्किटं.

मी कागदावर त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. पाच बदामांचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. त्यात प्रथिनं सव्वा ग्रॅम, कॅल्शियम पंधरा मिलिग्रॅम, आणि त्यातलाही बराच भाग चोथ्याबरोबर भाजीत गेलेला. तोच कप म्हशीच्या दुधाचा असता तर सुमारे २०० कॅलरी, सात ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. या वयाच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं कोष्टक सांगतं. आई कागदाकडे बघत राहिली. पाच महिने दोघींनी जिवापाड राबून जे दिलं, त्यात मुलीच्या अंगाला लागेल असं जवळजवळ काही नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्या चिठ्ठीत आणखी दोन ओळी असत्या, तर हे मूल सुजलं नसतं.

आजींचा प्रश्न रास्त होता, “मग दूध सोसंना कसं झालं? आधी तर पीत हुती.” लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या आतल्या बारीक लवेच्या टोकाशी तयार होतं. जुलाबाचा विषाणू ती लवच खरडून काढतो. लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जंतू ते आंबवतात, म्हणून गॅस आणि आंबट शी. मी आजींना म्हटलं, “लसूणघास कापला तरी मुळं जागेवर असतात ना? पुन्हा फुटतो. तसंच आहे हे.” त्यांना ते लगेच पटलं. बहुतेक मुलांची लव काही आठवड्यांत भरून येते. पण खुरटलेल्या मुलाची भरायला वेळ लागतो, कारण ती भरायलाही अन्नच लागतं.

दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी ही वेगळीच गोष्ट. शीतून रक्त, अंगावर गांधी, ओठ सुजणं, असं काही झालं होतं का, ते बालरोगतज्ज्ञांनी खोदून विचारलं. तसं असतं तर दहीही चाललं नसतं आणि लॅक्टोज काढलेलं दूधही. नव्हतं. मग दही द्यायचं ठरलं. विरजणातले जंतू थोडंफार लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं पचायला पोटातही मदत करतात. आजी अडल्या, “दह्यानं कफ हुईल.” मी ताजं, न आंबलेलं दही त्यांनाच चाखायला दिलं. केंद्राचा सुरुवातीचा पातळ आहार आम्ही त्या दह्यात बसवला आणि दर दोन तासांनी वाटीचमच्याने थोडा थोडा भरवला. प्रथिनं एकदम चढवायची नसतात, थकलेलं शरीर ती पेलत नाही. संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक दुपटं उघडून बघितलं. शी पातळ होती, पण फेस नव्हता, आंबट वास नव्हता.

पुढच्या दिवसांत वजन उतरलं, ७ किलो ७०० वर आलं. आई घाबरून रडायलाच लागली. सूज उतरते तेव्हा काटा आधी खालीच जातो, हे मी तिला पावलं दाखवून समजावलं. बोटं, घोटे पुन्हा दिसू लागले होते. मग भूक लागली. वाटी संपल्यावर मुलगी चमचा सोडेना.

घरी जाताना मी चिठ्ठीवर सगळं तारखांसह लिहिलं. दोन वेळा ताजं दही. पनीर, कारण त्यातलं बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं. अंडं. भातावर तूप. मोड आणून दळलेल्या नाचणीची खीर, त्यात तिळाचं कूट. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम हे खरं, पण एवढंसं मूल एका वेळी वीस ग्रॅम खातं, म्हणून एकट्या नाचणीवर भागत नाही. सोयाबीनचं दूध प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं, मात्र ते नीट उकळावं लागतं आणि घरी केलेल्यात कॅल्शियम फारसं नसतं. लॅक्टोज फोडलेल्या दुधाचं पाकीट शहरात मिळतं. यांच्या गावात मिळत नव्हतं, म्हणून त्यावर मी वेळ घालवला नाही. आणि पंधरा दिवसांनी, पोटभर जेवणानंतर, दोन चमचे म्हशीचं दूध. सोसलं तर दर तीन दिवसांनी दोन चमचे वाढवायचे. फुगलं तर आठवडाभर थांबून पुन्हा.

जुलैच्या तपासणीला वजन ९ किलो १०० ग्रॅम भरलं. अर्धी वाटी दूध भाकरीत कुस्करून खाते, पोट फुगत नाही, असं आईने सांगितलं. बदाम आता गाळत नाहीत, वाटून खिरीत घालतात. अंगणवाडी सेविकेला मी फोनवर पुढचं वेळापत्रक दिलं आणि चिठ्ठीवर ऑगस्टची तारीख घातली.