दांडपट्ट्याचा नंबर

संग्रहालयातल्या तीन दांडपट्ट्यांची मापं घ्यायची होती, एवढंच. काम तासाभराचं, परवानगीला गेले अडीच महिने.

अर्ज, ओळखपत्र, विभागप्रमुखांचं पत्र, सगळं दोन दिवसांत झालं. अडलं आवक-जावकच्या टेबलावर. "वस्तूचा नोंदणी क्रमांक लिहा, त्याशिवाय फाइल वर जात नाही." शस्त्रदालनात गेलो, तर पाटीवर नुसतं 'पट्टा, पोलाद'. परत टेबलावर.

"नोंदवहीत असेल क्रमांक."

"मग नोंदवही दाखवता का, मॅडम?"

"त्याला परवानगी लागते. अर्ज करा, त्यात क्रमांक लिहा."

मला हसू आलं, बाईंना नाही. पुढच्या चार खेपा याच वर्तुळात. सोमवारी संग्रहालय बंद, शनिवारी कार्यालय बंद, म्हणजे प्रत्येक खेपेला माझी रजा. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला (10 रुपयांचा स्टँप, उत्तराला 30 दिवस), तेवढ्यात दालनातले पहारेकरी काका म्हणाले, "अर्ज राहू द्या, बॅटरी आणा." काचेपाशी उकिडवं बसून खोबळ्याच्या, म्हणजे पट्ट्याच्या हात झाकणाऱ्या पोकळ मुठीच्या, आत उजेड टाकला. लाल रंगात बारीक आकडे! दर्शनी बाजू खराब होऊ नये म्हणून नंबर असा आडजागी लिहितात. तिन्ही उतरवून घेतले. आठव्या दिवशी परवानगी.

तुम्ही जाणार असाल तर आधी उकिडवे बसा. मोजायला प्लास्टिकचं कॅलिपर न्या, धातूचं आत नेऊ देत नाहीत. आणि हो, हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हवेत. सुती मोज्यांतून घाम झिरपतो आणि त्यातल्या मिठाने पोलादावर बोटांचे गंजके ठसे उमटतात.

पट्टा जवळून पाहिल्यावर राग निवळला. खोबळ्याच्या आत आडवी मूठ असते. ती पकडली की मनगट जखडतं. वार कोपरातून आणि खांद्यातून करायचा. दुधारी पातं इतकं लवचीक, की टेबलावर ठेवतानाही थरथरत होतं. तिसऱ्यावर तर लॅटिन अक्षरांचा ठसा निघाला, म्हणजे पातं फिरंगी. युरोपातून आलेल्या पात्यांना इकडे मुठी बसवायचे, ते हेच. नोंदवहीत मात्र 'देशी'.

खाली जाऊन बाईंना ते सांगितलं.

"दुरुस्तीसाठी अर्ज करा," त्या म्हणाल्या. "क्रमांक आहे ना आता?"