‘भली’ला दुसरा शब्द नको

मंगळवार, रात्र. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइनचं ‘थ्री लाइव्ह्‌ज’ पुन्हा काढलंय, ॲना, मेलांक्था आणि लीना या तीन बायकांच्या तीन कथा. १९०९ साली न्यूयॉर्कच्या ग्राफ्टन प्रेसनं ते लेखिकेच्याच पैशानं छापलं. हिचं इंग्रजी कच्चं असावं या शंकेनं प्रकाशकानं पॅरिसला तिच्या घरी माणूस धाडला होता. त्याला हसण्यात अर्थ नाही, पहिल्या दहा पानांत कुणालाही तेच वाटतं.

गाव ब्रिजपॉइंट, म्हणजे नाव बदललेलं बाल्टिमोर. पहिल्या कथेतली घरकाम करणारी ॲना पहिल्याच वाक्यात बाजारात दिसते. तिनं ‘मिस मथिल्डा’ असं मालकिणीचं नाव घेतलं की दुकानदार धसकतात, ‘एकच भाव’वालेही खाली उतरतात. तिच्या आवडत्या लिंडहाइमच्या दुकानात सवलतीच्या दिवशी पीठ-साखर पौंडामागे पाव सेंटनं स्वस्त. बाईची सगळी सत्ता त्या पाव सेंटात, तीही दुसरीच्या नावावर.

शीर्षकांतली विशेषणं, ‘गुड’ ॲना आणि तिसऱ्या कथेतली मोलकरीण ‘जेंटल’ लीना, ही मालकिणींची भाषा. आपल्याकडे ‘बाई चांगली आहे, हाताची स्वच्छ आहे’ म्हणतात ना, तीच. मराठी करताना घोळ इथेच होतो. एकच शब्द पुन्हा नको हे शाळेत इतकं घोटलेलं असतं की हात आपोआप भली, सज्जन, सालस असा फिरतो आणि कथा मरते. एकदा भली म्हटलं की शेवटपर्यंत भलीच. क्रियापदांचंही तसंच. ‘रागावत असे, राबत असे’ सलग चारदा आलं की पोथी वाटते. ‘रागवायची, राबायची’ तोंडात बसतं.

एक गोष्ट मात्र देवनागरीत येतच नाही. लीना सोशीक, मवाळ, गोड आणि जर्मन आहे, आणि यातल्या ‘जर्मन’चं पहिलं अक्षर स्टाइन लहान छापते, जणू तोही स्वभावाचाच गुण. आपल्याकडे लहान-मोठं अक्षरच नाही. निदान ‘आणि ती जर्मन होती’ असं वेगळं तोडू नये, यादीतच राहू द्यावं.

मधल्या कथेतली मेलांक्था कृष्णवर्णीय. जेफ डॉक्टरशी तिचं गोल गोल फिरणारं बोलणं अजून ताजं आहे, पण वंशाविषयीची वर्णनं घशात अडकतात. काळ तसा होता म्हणून ती सोडून द्यावीत असं मला वाटत नाही.

लीना चौथ्या बाळंतपणात जाते, मूलही निर्जीव. तिला नेमकं काय झालं कुणालाच कळलं नाही, एवढ्यावर स्टाइन थांबते. तिची उणीव भासते ती एका स्वयंपाकिणीला, जी तिला सतत रागवायची. ती स्वयंपाकीणसुद्धा ‘भली’च.