लादी न मोडता

पंचवीस माणसं येणार आणि सँडविच करायची म्हटलं की डोळ्यांपुढे पावांची चळत उभी राहते. एकेक उघडा, लोणी फासा, भरा, मिटा. अमेरिकेतल्या घरांनी यावर सोपी तोड काढली आहे. सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा) रविवार असो, डोहाळजेवण असो, नाहीतर अंत्यविधीनंतर चर्चमध्ये मांडलेलं जेवण असो, हॅम-चीजचे भाजलेले स्लायडर्स, म्हणजे छोट्या पावांची सँडविच, टेबलावर हमखास दिसतात. बारा सँडविच करायचीच नाहीत, ही त्यातली मेख. बारा पावांची अख्खी लादी एकच सँडविच समजून आडवी चिरायची, भरायची, भाजायची आणि अगदी शेवटी सुटी करायची.

त्यासाठी तिकडे हवाईयन रोल घेतात. अंडं, लोणी, साखर घातलेले, बोटाने दाबले तर पुन्हा वर येणारे गोडसर पाव. 1878 पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरून उसाच्या मळ्यांत कामाला आलेल्या पोर्तुगीजांनी आपला गोड पाव हवाईत नेला. पुढे 1950 साली रॉबर्ट तायरा यांनी हिलो गावात बेकरी काढली, त्यातूनच ‘किंग्ज हवाईयन’ उभी राहिली. गोव्यात पाव आणला तोही पोर्तुगीजांनीच, त्यामुळे खेटून भाजलेल्या, मऊ कुशीच्या पावांचं आपल्याला नवल वाटायला नको.

लादी चिरायला लांब, दातेरी सुरी हवी. वर तळहात सपाट ठेवायचा आणि सुरी न दाबता करवतीसारखी पुढेमागे ओढायची. घाईने पाव आधीच सुटे केले, की प्रत्येक फटीतून चीज खाली उतरून ट्रेला चिकटतं आणि मऊ राहायच्या कुशी वाळून कडक होतात.

या पदार्थाचा खरा वैरी पाणी. बाजारातल्या बऱ्याचशा हॅममध्ये मिठाचं पाणी टोचलेलं असतं. पाकिटावर तसं छापलेलंही असतं. ओव्हनच्या आचेने ते सुटतं आणि थेट खालच्या पावात मुरतं. वरून सोनेरी दिसणारा स्लायडर उचलला की बूड ट्रेतच राहतं, ते यामुळे. म्हणून बारा पावांना पुरणारं साडेतीनशे ग्रॅम पातळ हॅम आधी कागदी टॉवेलवर पसरून टिपून घ्यायचं. खालची अर्धी लादी 175 अंशांवर (अमेरिकन ओव्हनचे 350) चार-पाच मिनिटं नुसतीच भाजायची, म्हणजे तिला किंचित कवच येतं. मग चीज, हॅम आणि पुन्हा चीज. खालचं चीज वितळून हॅमच्या पाण्याला आडवं येतं, वरचं झाकणाला धरून ठेवतं. स्विस चीजचे दहा-बारा काप पुरतात. हॅमचे काप मात्र सपाट रचू नयेत, चुरगळून सैल टाकावेत. सपाट थर दातांनी तुटत नाही, पहिल्याच घासाला सगळा बाहेर ओढला जातो.

वरचं लोणी हा या पदार्थाचा रुबाब. बहुतेकजण 115 ग्रॅम घेतात. 85 पुरतं, बाकीचं ट्रेच्या तळाशी जाऊन पाव तळत बसतं. त्यात एक मोठा चमचा डिजॉन मोहरी (फ्रेंच धाटणीची वाटलेली तयार मोहरी), दोन छोटे चमचे वूस्टरशायर सॉस, एकेक मोठा चमचा वाळवलेल्या कांद्याचा चुरा आणि खसखस. लोणी बिनमिठाचंच हवं, खारटपणाचं खातं हॅमकडे आहे. लोणी कोमट असतानाच कांदा घालून दहा मिनिटं भिजू द्यावा, नाहीतर तो ओव्हनमध्ये जळून कडवट लागतो. मिश्रण ओतायचं नाही, ब्रशने लावायचं.

फॉइलचं झाकण पावांना न टेकवता पंधरा-वीस मिनिटं, मग उघडून पाचेक मिनिटं. या उघड्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. पावात साखर असल्याने सोनेरी आणि काळपट यांत मिनिटा-दीड मिनिटाचंच अंतर असतं. मधल्या पावात सुरीचं टोक खुपसून बघावं. ते कढत लागलं तर झालं, कारण कडेचे पाव नेहमीच आधी तयार होतात. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मगच कापावं.

माणशी दोन-तीन धरले तर पंचवीस जणांना पाच लाद्या. एकाच वेळी दोन ट्रे घातले तर अर्ध्या वेळाने वरचा खाली, खालचा वर. आदल्या दिवशी भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण लोणी लावायचं ते भाजण्याच्या वेळीच. थंडगार लादीला दहा मिनिटं जास्त लागतात. टेबलावर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत.

तिकडच्या मराठी घरांतल्या पार्टीत डुक्कर न खाणारे असतातच; त्यांच्यासाठी टर्की हॅम बेलाशक चालतं. शाकाहाऱ्यांची लादी मात्र वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या सुरीने. आणि तिच्या लोण्यात वूस्टरशायर नको, त्यात सहसा अँकोव्ही मासे असतात. ही चूक चांगल्या चांगल्या यजमानांकडून होते.

मुंबई-पुण्यात करायचं तर आपला लादीपाव छान चालतो. त्यात साखर नावापुरतीच, म्हणून रंग येत नाही. लोण्यात दोन छोटे चमचे मध घालावा. चिकन हॅमही टिपूनच घ्यावं. उरलेले स्लायडर्स मायक्रोवेव्हमध्ये घातले तर पाव चामड्यासारखा होतो. फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये दहा मिनिटं, नाहीतर सरळ तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर.