थेल्मा रिटर मॅरेथॉन: १९४७ ते १९५४ संपलं, मोठा अपडेट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी टाकतेय. जानेवारीत ठरवलं होतं की जुन्या हॉलिवूडमधली अभिनेत्री थेल्मा रिटर, तिचे मिळतील तेवढे सगळे सिनेमे सालवार बघायचे, एकूण तीसेक आहेत, त्यातले चौदा झाले आणि मधले दोन कुठेच मिळेनात म्हणून सोडून दिले. मुलाची दहावी सांभाळून चौदा म्हणजे मी स्वतःवर खूश आहे.

नावावरून चेहरा आठवत नसेल तर, 'रिअर विंडो'मध्ये प्लॅस्टरमधल्या जेम्स स्ट्युअर्टला मालिश करायला येणारी ती नर्स. तीच ती.

वहीत रकाने आखले होते. साल, भूमिका, किती वेळ दिसते, नाव श्रेयनामावलीत आहे की नाही. चौथ्या-पाचव्या सिनेमानंतर लक्षात आलं की बाई नुसती उभी राहून बोलतच नाही, सतत काहीतरी काम चालू असतं, मग नवीन रकाना आखला, 'हातात काय', आणि खरं सांगू का आता तेवढाच एक रकाना मनापासून भरतेय.

पहिला 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट', १९४७. जन्म १९०२ चा, ब्रुकलिनचा, म्हणजे पहिल्या सिनेमात बाई पंचेचाळिशीची! आधी नाटकं, मग लग्न, दोन मुलं, मग रेडिओ. आणि सिनेमात येऊन काम काय, तर मेसीज दुकानात पोराला सांताकडे आणलेली दमलेली आई. पोरगा फायर इंजिन मागतो, ही मागून सांताला खुणा करतेय की बाबा रे इथे मिळत नाहीये, कबूल करू नकोस. तो सांता तिला सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो आणि तिचा चेहरा बघायचा. नाव नाही श्रेयनामावलीत. मी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितला.

'अ लेटर टू थ्री वाइव्ज'मध्येही (१९४९) नाव नाही. रेल्वे रुळांच्या शेजारचं घर, गाडी गेली की सगळं घर गदागदा हलतं, आणि ही मैत्रिणीबरोबर निवांत पत्ते खेळतेय. हातात: पत्ते. मग दुसऱ्या घरात पार्टीला मोलकरणीचा गणवेश घालून वाढायला येते, तिथे तर हातात ताटं, आणि तोंड तेच, कुणाचीही भीड नाही.

मग 'ऑल अबाउट ईव्ह', १९५०. सिनेमाला १४ ऑस्कर नामांकनं, त्यातलं एक हिचं. बर्डी. जुन्या व्हॉडेव्हिलमधली (नाचगाणी-विनोदांचे रंगमंचावरचे कार्यक्रम) बाई, आता नाटकातली बडी नटी मार्गो, तिची कपडेवाली, मदतनीस, सगळंच. मार्गोची चाहती ईव्ह, तिने पहिल्यांदा येऊन आपली करुण कहाणी सांगितली तेव्हा सगळे विरघळतात, ही एकटी विरघळत नाही. पुढे मार्गोला म्हणते की ती पोरगी तुला पुस्तक वाचावं तसं वाचतेय. माझी एकच तक्रार, उत्तरार्धात बर्डी गायबच होते! जिने सगळ्यात आधी ओळखलं तिलाच बाहेर काढलं, असं का केलं असेल दिग्दर्शक मँकीविझने, मला अजून पटलेलं नाही. ऑस्कर जोसेफिन हलला.

त्यानंतर 'द मेटिंग सीझन' (१९५१), आणि हा ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी हाच बघा. हॅम्बर्गरचा ठेला गेलेली आई श्रीमंतीत लग्न झालेल्या मुलाच्या घरी येते, सुनेला वाटतं स्वयंपाकीण आली, आणि ही खुलासा न करता ॲप्रन बांधून कामाला लागते. आता सांगा, हा सिनेमा तिचाच नाहीये का? पण पोस्टरवर जीन टियर्नी वर, आणि नामांकन सहायक भूमिकेचं. 'द मॉडेल अँड द मॅरेज ब्रोकर'मध्ये तर ती चक्क वधूवर सूचक मंडळ चालवते, दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, गोष्ट तिच्याभोवती फिरते, तरी नाव जीन क्रेनच्या खालीच. आपल्याकडच्या लग्न जमवणाऱ्या काकू आठवल्या मला, तोच उत्साह, समोरच्याला एका नजरेत मापणं.

१९५० ते १९५३ सलग चार वर्षं नामांकन. पुढे १९५९ आणि १९६२ धरून सहा, आणि एकही जिंकलं नाही. यावर रडारड करणारे लेख खूप आहेत त्यामुळे मी करत नाही.

आता 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३). हा बघून दोन दिवस दुसरं काही लावलं नाही. मो नावाची म्हातारी, टाय विकते, पण खरा धंदा पोलिसांना पाकीटमारांची खबर देण्याचा. भावात घासाघीस करते, महागाई वाढली म्हणून रेट वाढवते, आणि पैसे साठवतेय कशासाठी तर स्वतःच्या कबरीच्या जागेसाठी, कारण बेवारशांच्या दफनभूमीत जायचं नाहीये तिला. शेवटी एक पिस्तूलवाला खोलीत येतो तेव्हा ती इतकी थकलेली असते की त्याच्याशी जवळजवळ सुटका झाल्यासारखी बोलते. दिग्दर्शक सॅम्युएल फुलरने कॅमेरा तिच्यावरून हळूच ग्रामोफोनकडे नेलाय आणि गोळीचा फक्त आवाज. त्या प्रसंगापुरता वहीत लिहिलंय, हातात: काही नाही. आधीच्या कुठल्याच सिनेमात असं लिहावं लागलं नव्हतं. पुरस्कार डॉना रीडला गेला, आता इथे मात्र थोडं रडू दे मला.

आणि काल रात्री 'रिअर विंडो', बहुतेक सातव्यांदा, पण फक्त स्टेलाकडे, म्हणजे त्या नर्सकडे, बघत पहिल्यांदाच. स्ट्युअर्टच्या तोंडात थर्मामीटर कोंबून ठेवते म्हणजे त्याला उलट बोलता येत नाही आणि हिचं भाषण चालू. पाठीवर गार तेल ओतते, तो ओरडतो, हिला काही नाही. १९२९ ची मंदी आपण आधीच ओळखली होती ही तिची बढाई, का तर जनरल मोटर्सचा एक डायरेक्टर तिचा पेशंट होता आणि सारखा बाथरूमला पळायचा! स्ट्युअर्टच्या नाश्त्याच्या वेळीच समोरच्या घरातल्या संशयित खुनाचा विचार करत बसते की प्रेत कापलं कुठे असेल, बाथटबमध्येच, रक्त धुवायला सोपं, आणि बिचारा घास खाली ठेवतो. पुढे ग्रेस केलीबरोबर फावडं घेऊन रात्री वाफा खणायला पण हीच जाते. रकाना भरून बाजूच्या समासात गेला.

याच ग्रेस केलीला ('द कंट्री गर्ल'साठी) मार्च १९५५ मध्ये ऑस्कर मिळालं त्या रात्री सूत्रसंचालनाला बॉब होपबरोबर थेल्मा होती, तो हॉलिवूडला, ही न्यूयॉर्कहून. मला आधी माहीतच नव्हतं.

पुढे रविवारी 'डॅडी लाँग लेग्ज', फ्रेड अस्टेअर असला तरी मी बघणार कोणाकडे ते तुम्हाला कळलंच असेल. १९५८ चं टोनी (अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार) तिला 'न्यू गर्ल इन टाउन'साठी मिळालं, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून, पण ते रंगमंचावरचं काम, मला कुठून बघायला मिळणार, त्यामुळे वहीत ती ओळ रिकामीच सोडलीये. 'पिलो टॉक'मधल्या रोज सकाळी हँगओव्हर घेऊन येणाऱ्या मोलकरणीवर मात्र डोळा ठेवून आहे, पण क्रम मोडायचा नाही असं ठरलंय. कुणाकडे 'टायटॅनिक'ची (१९५३ चा!) बरी प्रिंट असेल तर सांगा, मी बघितली तिच्यात अर्धे संवाद बोटीबरोबर बुडाले होते.