तुम्ही विचारलंत म्हणून : ती संत्र्याची राइड कुठे आहे?

नागपूरहून कुणाचं फ्लोरिडाला यायचं ठरलं की मला फोन येतो, आणि तिकिटं, हॉटेल, भाड्याची गाडी सगळं विचारून झालं की शेवटी हमखास एक प्रश्न येतो, "अगं, ती संत्र्याची राइड कुठल्या पार्कात आहे? काकूंनी बजावून सांगितलंय, चुकवू नका म्हणून." काकू म्हणजे माझी आई. मग मला दर वेळी सांगावं लागतं की ती राइड आता नाहीये, १९९९ मध्येच बंद झाली, इमारतसुद्धा पाडली. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेलाच, की मग तुम्ही मायलेकी अजून तिच्याबद्दल का बोलता, आता तर केवढ्या भारी राइड्स आल्यात, आणि जुनीचा व्हिडिओ यूट्यूबवर आहेच ना. फोनवर याचं उत्तर धड देता येत नाही, प्रत्येक वेळी काहीतरी अर्धवट बोलते आणि फोन ठेवल्यावर चुटपूट लागते. म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

राइडचं खरं नाव होरायझन्स. डिस्नेचं एपकॉट पार्क उघडलं १ ऑक्टोबर १९८२ ला आणि त्याच्या पहिल्या वाढदिवशी, १ ऑक्टोबर १९८३ ला, ही सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रायोजित केलेली. विषय एकच, पुढच्या काळात माणसं कशी राहतील. राइड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रोलर कोस्टर येत असेल तर तो आधी पुसून टाका. ही पंधरा मिनिटांची, अंधारातून हळूहळू सरकत जाणारी राइड होती, डबे वरच्या रुळाला टांगलेले आणि आडवे सरकणारे, म्हणजे आपण सोफ्यावर बसलोय आणि समोरून एकेक घर, एकेक देखावा जातोय असं वाटायचं. त्यातली माणसं म्हणजे हलणारे-बोलणारे यांत्रिक पुतळे.

मी १९९७ मध्ये टाम्पाला आले, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर गोंधळू नयेत यासाठीच्या कामाला. तेव्हा आमच्यासारखे कितीतरी जण पुण्या-मुंबई-नागपूरहून याच कामाला आले होते, जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले, ते शोधून चार करायचे. १९९८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले आणि एका शनिवारी आम्ही त्यांना एपकॉटला घेऊन गेलो. बाबांना बीपी, आईला गाडी लागते, त्यामुळे उभं-आडवं फिरवणाऱ्या राइड्स आधीच बाद. होरायझन्सला रांग जवळजवळ नव्हतीच. डब्यात चढताना खालचा पट्टा सरकत असतो, आईने माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. एका डब्यात आई, मी आणि बाबा, मागच्या डब्यात नवरा एकटा.

सुरुवातीला, जुन्या काळातल्या लोकांनी भविष्याची काय काय स्वप्नं पाहिली होती ते दाखवायचे, ज्यूल व्हर्नचं चंद्रावर निघालेलं यान वगैरे. मग दोन अवाढव्य पडदे, डोळ्यांत न मावणारे. आणि मग पुढच्या काळातली घरं. निवेदन एका नवराबायकोच्या आवाजात, आजी-आजोबाच ते, आपली पोरं-नातवंडं कुठे कुठे राहतात ते सांगतायत. बाबा हळू आवाजात आईला मराठीत सांगत होते. मुलगी वाळवंटात शेती करते, कुणी समुद्राखाली राहतं, कुणी पार अंतराळात.

त्या वाळवंटातल्या शेताशी डबा आला आणि आई एकदम ताठ बसली. "संत्र्याचा वास येतोय."

येतच होता. तिथे खरोखर संत्र्याचा वास सोडायचे, देखाव्यात यंत्रं संत्री तोडतायत आणि एक बाई लांब बसून ती यंत्रं चालवतेय. पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. आईचं माहेर काटोलचं, नागपूर जिल्ह्यातलं, तिच्या वडिलांची संत्र्याची बाग होती, पावसाळ्यात फुलणारा मृग बहार घ्यायचा की थंडी सरताना फुलणारा आंबिया बहार यावर घरात वाद व्हायचे असं घर. ती अंधारात मान वर करून दोनदा वास घेते आणि म्हणते, "हा सालीचा आहे. सोलताना फवारा उडतो ना बोटांवर, तो." आणि लगेच पुढे, "पण वाळवंटात संत्री? पाणी कुठून आणलं यांनी?" बाबा म्हणाले, ठिबक असेल. दोघं इतक्या गंभीरपणे बोलत होते, जणू तो मळा कुणा नातेवाइकाचाच आहे.

शेवटाकडे एक वाढदिवस होता. छोट्या मुलाचा, तो आईवडिलांबरोबर अंतराळातल्या वस्तीवर, आणि बाकीचं घरदार वाळवंटातून, समुद्राखालून, शहरातून एका हवेत उमटणाऱ्या चित्राच्या फोनवर त्याच्या वाढदिवसाला हजर. सगळे दिसतायत, सगळे हसतायत, केक मात्र एकाच ठिकाणी. बाबांनी आईला ते समजावलं. तेव्हा आम्ही भारतात कॉलिंग कार्डाने फोन करायचो, मिनिटं मोजून, आणि अर्धी मिनिटं "ऐकू येतंय का" यातच जायची. आई त्या केककडे बघत राहिली, डबा पुढे गेला तरी मान मागे वळवून. मग म्हणाली, "एवढं सगळं केलं यांनी, पण राहतात सगळे वेगवेगळेच."

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते.

नंतर डब्यात समोर दिवे लागतात आणि विचारतात, परत कुठल्या वाटेने जायचं, अंतराळ, वाळवंट की समुद्र, ज्याला जास्त मतं त्याची अर्ध्या मिनिटाची फिल्म. १९८३ मध्ये प्रवाशांनी शेवट निवडायचा ही केवढी नवी गोष्ट होती विचार करा. बाबांनी अंतराळ दाबलं, मी आणि आईने वाळवंट. तेव्हापासून आमच्या घरात ती संत्र्याची राइड. होरायझन्स हे नाव आईने कधी घेतलंच नाही.

आता बंद का झाली. जनरल इलेक्ट्रिकचा करार १९९३ मध्ये संपला, त्यांनी तो पुढे वाढवला नाही, आणि एवढी मोठी इमारत, एवढे पुतळे, एवढे पडदे प्रायोजकाशिवाय कोण सांभाळणार. १९९४ च्या शेवटी एकदा बंद केलीसुद्धा होती, वर्षभराने परत उघडली कारण शेजारच्या दोन मोठ्या राइड्सचं काम निघालं आणि लोकांना कुठेतरी बसवायला हवं होतं. म्हणजे १९९८ मध्ये आम्ही बसलो ते दुसऱ्यांचं काम रखडलं म्हणून, हे मला खूप नंतर कळलं आणि फार लागलं. शेजारची टेस्ट ट्रॅक तयार झाली आणि ९ जानेवारी १९९९ ला होरायझन्स कायमची बंद. शनिवार होता. टाम्पाहून तासाभराचा रस्ता. मी त्या दिवशी ऑफिसात टेस्टिंग करत बसले होते, तारखा पुढे ढकलून २००० साल आल्यासारखं करून बघायचं आणि काय मोडतं ते लिहून काढायचं, आणि ही राइड आज शेवटची चालतेय याची मला गंधवार्ताही नव्हती. कळलं ते दोन महिन्यांनी, पार्कात जाऊन बंद दार बघितल्यावर.

२००० मध्ये इमारत पाडली, २००३ मध्ये त्या जागी मिशन स्पेस आली. ती वाईट नाही, मी बसलेय, रॉकेट सुटताना छातीवर जो दाब येतो तो अगदी खरा वाटतो. पण ते सगळं गरागरा फिरवून केलेलं आहे, आत उलटीसाठी पिशव्या ठेवतात, आणि बीपी, हृदय, चक्कर यांच्या सूचनांचा भलामोठा फलक आधी वाचावा लागतो. २००६ मध्ये न फिरणारी सौम्य आवृत्तीही काढली, ती हिरवी, आणि फिरणारी ती ऑरेंज. हो, ऑरेंज. आई-बाबांना घेऊन मात्र मी तिथे कधीच बसू शकले नसते. माझं दुःख हे आहे की आजी, आई, नात अशा तिघी शेजारी बसून हळूहळू बोलत जातील अशा राइड्स एकेक करून गेल्या. १९९४ मध्ये ट्वेंटी थाउजंड लीग्जच्या पाणबुड्या गेल्या. त्या खऱ्या बुडायच्याच नाहीत, रुळावर चालायच्या, आपण पाण्याच्या पातळीखाली बसायचं आणि बाहेर बुडबुडे सोडले की आपण खोल चाललोय असं वाटायचं, किती साधी युक्ती! १९९८ मध्ये मिस्टर टोड नावाच्या गोष्टीतल्या बेडकाची राइड गेली, त्यासाठी लोकांनी पार्कात हिरवे टीशर्ट घालून निदर्शनं केली होती. तिच्या जागी विनी द पूची राइड आली, तिच्यात भिंतीवर एक चित्र आहे, टोड घुबडाला जागेचं खरेदीखत देतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले, कारण निदान तिथे जागा कुणाकडून कुणाकडे गेली ते लिहून तरी ठेवलंय. २०१४ मध्ये एपकॉटमधली नॉर्वेची बोटीतली राइड, मेलस्ट्रॉम, आणि परवाच, २०२५ च्या जुलैमध्ये, डिस्नेच्या इथल्याच मॅजिक किंगडम पार्कातली नदी, तिच्यातली आगबोट आणि टॉम सॉयरचं बेट. नदीच बंद!

सगळ्याच बंद राइड्ससाठी मी रडत नाही हेही सांगते. स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये गेली तेव्हा लोक तिचं पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन विकत होते. पण ती ज्या १९४६ च्या सिनेमावर बेतलेली होती त्यात काळ्या लोकांचं गुलामीनंतरचं जगणं गोड-गोड करून दाखवलेलं, डिस्नेने तो सिनेमा अमेरिकेत घरी बघायला कधी उपलब्धच करून दिला नाही, मग राइड तरी कशाला ठेवायची. ती बदलली ते बरंच झालं असं माझं मत आहे.

आणि यूट्यूबचं. होरायझन्सचे व्हिडिओ आहेत, चांगले आहेत, दोन चाहत्यांनी तर शेवटच्या वर्षांत चालत्या डब्यातून उतरून आतल्या देखाव्यांचे ढिगाने फोटो काढून ठेवलेत, नियमाविरुद्ध होतं ते, धोक्याचंही, पण मी त्यांची ऋणी आहे. मी ते बघते. पण व्हिडिओत संत्र्याच्या शेताशी आलं की मी नकळत नाकाने श्वास आत घेते, आणि येतो तो लॅपटॉपचा वास. पुस्तक परत वाचता येतं, सिनेमा परत लावता येतो, राइडला मात्र ती जागा लागते, तो अंधार लागतो आणि शेजारी माणूस लागतो.

तुमच्यापैकी ज्यांनी गोराईची फेरी पकडून एस्सेलवर्ल्ड केलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ते २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा बोरिवलीच्या भाच्याने मला मध्यरात्री मेसेज केला होता, "मावशी, आता मला तुझं कळलं."

२००७ मध्ये आई परत आली, एकटीच, बाबांना प्रवास झेपत नव्हता. तेव्हा एपकॉटमध्ये सोअरिन होती, पाय लोंबकळत ठेवून तेव्हा कॅलिफोर्नियावरून उडवायचे ती, तिच्यातही संत्र्याच्या बागांवरून जाताना वास सोडायचे. मी मुद्दाम नेलं. उतरल्यावर विचारलं, तोच वास ना? "वास तोच आहे," ती म्हणाली, "पण इथे घर नव्हतं कुणाचं."

बाबा गेले २०१८ मध्ये. २०२० मध्ये माझ्या मुलीचा अठरावा वाढदिवस घरातच झाला, सगळं बंद होतं, मी टाम्पात, दीर सिंगापूरला, भाचा बोरिवलीला, आई नागपुरात, सगळे लॅपटॉपवर चौकोनाचौकोनांत. केक आमच्या टेबलावर. मुलीने मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांनी आपापल्या घरी टाळ्या वाजवल्या, त्या एकमेकींत अडकत पोचल्या, आणि आई तिच्या चौकोनातून म्हणाली, "अगं, ते आपण संत्र्याच्या तिथे पाहिलं होतं ना, तसंच झालं की गं हे."

बावीस वर्षं तिच्या लक्षात होतं. राइडच्या लोकांनी नेमकं हेच दाखवलं होतं, पोरं लांब जातील, फोनवर चेहरे दिसतील, आणि केक एकाच ठिकाणी असेल. "स्वप्न पाहता आलं तर ते करताही येतं" अशा अर्थाचं एक वाक्य वॉल्ट डिस्नेच्या नावाने कपांवर छापून विकतात, ते त्याचं नाहीच, तो १९६६ मध्येच गेला, ते याच राइडसाठी टॉम फिट्झगेराल्ड नावाच्या डिस्नेच्या माणसाने लिहिलं होतं. वाक्य राहिलं आणि राइड गेली.

तर तुम्ही याल तेव्हा मिशन स्पेसच्या रांगेत आत जा, तिथे एक भलंमोठं चाक आहे, यानातलं गुरुत्वाकर्षणाचं चाक म्हणून ठेवलेलं. त्याच्या मधोमध बघा. होरायझन्सचं जुनं बोधचिन्ह तिथे बसवलंय, कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. मी येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोर उभं करते, फोटो काढते आणि आईला पाठवते. तिला माहितीये की राइड नाही, मी १९९९ मध्येच फोनवर सांगितलं होतं, तेव्हा "चांगली चालली होती की, बंद कशाला केली" म्हणून बराच वेळ गप्प बसली होती. तरी ती लोकांना सांगायचं सोडत नाही. मागच्या महिन्यात चुलत बहिणीचा फोटो पाठवला, त्या चाकासमोरचा, तर पाच मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे मिक्सरचा आवाज, "छान आलाय गं फोटो. वास येतो का तिथे अजून?"