आमची वाटचाल : वणीतलं डेंटल मटेरियलचं दुकान

वणीत आम्ही डेंटल मटेरियलचं दुकान टाकलं तेव्हा लोक म्हणायचे, कापूस अन् कोळशाच्या गावात दातात भरायचं सिमेंट कोण घेते बाप्पा. पण तालुक्या-तालुक्यात दवाखाने निघून राहिले होते अन् डॉक्टरांना एका बाटलीसाठी नागपूरला माणूस पाठवा लागे, म्हणून आम्ही वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा हा पट्टा धरला. ऑर्डर फोनवर, माल एसटीनं.

सुरुवातीला दातात भरायची चांदी, म्हणजे अमालगम, खूप जायचं. त्यात जवळपास अर्धा पारा असतो, अन् 2017 मध्ये पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार लागू झाला तेव्हापासून जगभरच त्याचा वापर कमी करणं चालू आहे. आम्ही मग जीआयसीवर जोर दिला. ग्लास आयनोमर सिमेंट, इंग्लंडमधल्या विल्सन अन् केंट यांचं काम, 1972 पासूनचं. काचेची पावडर, अॅसिडचं लिक्विड, घोटून भरलं की दाताला आपोआप धरते, कडक व्हायला लाइट मारा लागत नाही अन् वरून फ्लोराइड सोडत राहते, म्हणजे बाजूला कीड लागायला आळा बसतो. लोडशेडिंगच्या गावात ही केवढी सोय आहे! हातातल्या अवजारानं कीड खरवडली, भरलं, पेशंट बाजार करून संध्याकाळच्या गाडीनं घरी.

पण रोज खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, चघळणाऱ्याच्या दाढेत साधी जीआयसी लवकर झिजते, तिथं आम्ही ती खपवायला जात नाही, दात कोरडा ठेवणं जमत असंल तर कंपोझिट, म्हणजे लाइट मारून कडक होणारं दाताच्या रंगाचं मटेरियल, घ्या म्हणतो. गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासून हिरडीजवळ खाच पडली असंल तिथं मात्र जीआयसीच बरी.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर 45 डिग्री अन् कंपोझिटच्या बहुतेक डब्यांवर 25 च्या आत ठेवा लिहिलेलं. एका कुरिअरवाल्यानं आमची पेटी दिवसभर उन्हात ठेवली, सिरिंज दाबली तर माल नुसता ओघळत होता, सगळा बाजूला काढला, एकही दवाखान्यात जाऊ दिला नाही. तेव्हापासून थर्माकोलची पेटी, बर्फाचे पाउच अन् सकाळची पहिली एसटी. डॉक्टरांनाही सांगून ठेवतो, उन्हाळ्यात घोटायची काचेची स्लॅब थंड करून कोरडी पुसून घ्या, नाहीतर सिमेंट भरायच्या आधीच आवळते. पावसाळ्यात पावडरचं झाकण लगेच लावा, ओल धरते.

आता आम्ही लहान पॅकच मागवतो, महाग पडतात थोडे, पण खेड्यातल्या दवाखान्यात मोठी बाटली संपायच्या आधी एक्स्पायरी येते, अन् तसलं मटेरियल कोणाच्याही दातात जाऊ नये.