तीन मिनिटांची साक्ष

गेल्या नोव्हेंबरातला तो शनिवार मनातून जात नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुवार्ता-शिबिराचा (ख्रिस्ताविषयी इतरांना सांगायला शिकण्याच्या शिबिराचा) तिसरा आठवडा चालू होता. प्रत्येकानं आपली साक्ष तीन मिनिटांत, म्हणजे कागदावर साधारण 300 शब्दांत सांगायची. आधीचं जगणं, ख्रिस्त कसा भेटला, आज काय बदललंय. मग लाल पेनानं 'तारण', 'पापक्षमा', 'नवा जन्म' खोडायचे आणि तेच घरच्या बोलीत म्हणायचं. बहुतेक जण इथेच अडतात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगांतून गायला. ती भजनं आम्हाला तोंडपाठ आहेत, पण स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की व्यासपीठावरची भाषा सुरू होते. दोष आम्हा पाळकांचा, चर्चच्या धर्मगुरूंचा.

त्या दिवशी मंडळीतले एक 'वडील', म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद, उठले. चाळीस वर्षं दानार्पणाचा हिशेब चोख. आजोबांचा बाप्तिस्मा, मिशनची शाळा, एवढं सांगून झालं आणि ते थांबले. कागदाची घडी घालत म्हणाले, "पाळकसाहेब, हे सगळं आजोबांचं झालं. माझं काय?"

अशा वेळी घाईनं प्रार्थना उरकून शांतता झाकायची आपली सवय वाईट आहे. मी फक्त शिबिरातल्या त्यांच्या जोडीदाराला शेजारी बसवलं. बायबलमध्ये, लूक 10 मध्ये प्रभू दोघादोघांना पाठवतो, ते उगाच नाही. एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि पहिल्यानं वाढवून सांगितलं तर परतताना टोकतो. दोघांनी योहानाचं शुभवर्तमान रोज अर्धा अध्याय असं 42 दिवसांत वाचलं. मग वडील एका जुन्या शेजारमित्राकडे गेले, आधी विचारून. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगा गेला तेव्हा देवाचा राग नाही आला?" त्यानंतरच्या बुधवारी प्रार्थनासभेत ते पहिल्यांदा मुलाचं नाव घेऊन रडले.

वरून येणाऱ्या अहवालाच्या नमुन्यात मात्र दोनच रकाने: किती घरं, किती पत्रकं. सांगायला गेलेल्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मी वहीत तिसरा रकाना आखला: 'मला काय विचारलं गेलं?' वडिलांच्या पानावर तो प्रश्न आहे, खाली चार ओळी कोऱ्या.

त्याच शिबिरातल्या एका मुलीची साक्ष दोन मिनिटं पन्नास सेकंदांत, बिनचूक झाली होती. टाळ्या मीच सुरू केल्या. ईस्टरनंतर ती उपासनेला आलेली नाही. तिचा तिसरा रकाना पूर्ण कोरा आहे, आणि तो मी तेव्हा पाहिलाच नव्हता.